ठणका थांबला म्हणजे दाढ बरी झाली, असं नाही

मागच्या उन्हाळ्यात एक एसटी ड्रायव्हर माझ्या दातांच्या दवाखान्यात आले. हातात गार पाण्याची बाटली, बाटलीला ओला रुमाल गुंडाळलेला. काय होतंय असं विचारलं, तर हातानेच ‘थांबा’ म्हणाले. तोंडातलं पाणी गिळलं, घाईघाईत दोन वाक्यं बोलले आणि लगेच पुढचा घोट गालात धरला. आदल्या रात्रीपासून हेच चाललं होतं. पाणी गार आहे तोवर दाढ गप्प, कोमट झालं की ठणका सुरू. रात्री तीनपासून फ्रीजसमोर खुर्ची टाकून बसले होते.

ती बाटली पाहिली तेव्हाच माझं निम्मं निदान झालं होतं. बहुतेकांचा दात गाराने दुखतो. ज्याला गारानेच बरं वाटतं, त्याच्या दाताच्या आतला जीव शेवटच्या घटका मोजत असतो. त्यांचं मागणं मात्र साधं होतं. ‘मॅडम, गोळ्या लिहून द्या. मागच्या खेपेला पाच दिवसांच्या गोळ्यांनी थांबलं होतं.’

हे वाक्य मला आठवड्यातून चार-पाच वेळा ऐकू येतं. थांबलं होतं, हे खरंच असतं. पण नेमकं काय थांबलं होतं, तेच समजून घ्यायचं आहे. रूट कॅनल कधी लागतं आणि का लागतं, याचं उत्तर तिथेच आहे.

दात वरून दगडासारखा दिसतो, म्हणून तो आतूनही दगडच असेल असं वाटतं. नारळ डोळ्यांपुढे आणा. बाहेर करवंटी, मग खोबरं आणि मधल्या पोकळीत पाणी. दाताची करवंटी म्हणजे इनॅमल. शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ, पण त्यात नस नाही, रक्त नाही. म्हणून ते झिजताना दुखत नाही आणि गेलं की परत येत नाही. त्याच्या आतलं डेंटिन किंचित पिवळसर, थोडं मऊ असतं आणि त्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या हजारो नळ्या असतात. सगळ्यात आत दाताचा गर. आपण ज्याला ‘नस’ म्हणतो तो हा. त्यात नुसती नस नसते; रक्तवाहिन्या असतात, नवीन डेंटिन तयार करणाऱ्या पेशी असतात. हा गर मुळांतल्या बारीक वाटांनी खाली उतरतो आणि मुळाच्या टोकाला असलेल्या सुईच्या अग्राएवढ्या छिद्रातून जबड्यातल्या रक्तपुरवठ्याला जोडलेला असतो. मुळातली ही वाट म्हणजेच रूट कॅनल. तेव्हा रूट कॅनल हे मुळात उपचाराचं नाव नाही, जागेचं नाव आहे.

आता ‘कीड’. मराठीत आपण दाताला कीड लागली म्हणतो, आणि या शब्दानं पिढ्यान्‌पिढ्या घोळ घातला आहे. भुईरिंगणीच्या बियांची धुरी घेतली की दातातले किडे पडतात, असं सांगणारी माणसं आजही खेडोपाडी भेटतात. दातात किडा नसतो. फ्रान्सचे पिएर फोशार यांनी 1728 साली दंतवैद्यकावरचा आपला मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हाच त्यांनी हा किडा अमान्य केला होता. पुढे 1890 मध्ये बर्लिनला काम करणाऱ्या विलोबी मिलर यांनी खरा प्रकार मांडला. तोंडातले जंतू साखर आणि पिठूळ पदार्थ खाऊन आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दात विरघळवतं. लिंबाच्या थेंबाने शहाबादी फरशीवर डाग पडतो, तसंच. म्हणून एका बैठकीत चार पेढे खाण्यापेक्षा दिवसभर दर तासाला गोड चहा पिणं दाताला जास्त महाग पडतं. दाताला मधे उसंतच मिळत नाही.

कीड इनॅमलमध्ये असते तोवर काही जाणवत नाही. डेंटिनपर्यंत आली की गार, गोड लागलं की सणक जाते. हा दाताचा पहिला निरोप, आणि इथे आलात तर साधं फिलिंग पुरतं. पण ‘जरा शिणशिणतंय’ म्हणून कुणी दवाखान्याची पायरी चढत नाही.

पुढचं सगळं एका गोष्टीवर अवलंबून आहे. बोट चेमटलं की सुजतं. सूज हा शरीराचा बचावच असतो, जास्तीचं रक्त मदतीला धावून येतं आणि कातडी ताणली जाऊन त्याला जागा करून देते. दाताचा गर मात्र चारही बाजूंनी कठीण भिंतींत कोंडलेला. तिथे सुजायला जागाच नाही. रक्त आलं की दाब वाढतो आणि तो नसेवर पडतो. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर दाढेत जे ठणकतं, ते हेच. आडवं झाल्यावर डोक्याकडे रक्ताचा दाब वाढतो, म्हणून दाढ रात्रीच छळते आणि माणूस उशा रचून बसून राहतो. गरम चहाने दाब आणखी वाढतो. गार पाण्याने रक्तवाहिन्या आकसतात आणि क्षणभर दाब उतरतो. ड्रायव्हरसाहेबांच्या बाटलीमागचं कारण एवढंच होतं.

गर असा चिडला की तो सावरेल की जाईल, हा रूट कॅनलच्या निर्णयातला कळीचा प्रश्न. त्यासाठी मी करते ती तपासणी अगदी साधी आहे. कापसाच्या बोळ्यावर थंड स्प्रे मारायचा, आधी शेजारच्या चांगल्या दाताला लावायचा, मग संशयित दाढेला. रुग्णाला सांगते, गार लागलं की हात वर करा, गेलं की खाली. हात वर गेला की मी मनातल्या मनात आकडे मोजायला लागते. चांगल्या दातावर एक, दोन, तीन, हात खाली. चिडलेल्या पण सावरू शकणाऱ्या गरात कळ तीव्र असते, पण बोळा काढल्यावर काही सेकंदांत जाते. इथे कीड काढून फिलिंग केलं, गरज असेल तर गरावर औषधाचा थर दिला की दात वाचतो. रूट कॅनल नको. पण बोळा काढूनही हात वरच राहिला, वीस झाले, तीस झाले, कळ अजून रेंगाळतेय, तर तो गर बहुधा सावरणार नाही. काही न खाता-पिता आपोआप कळ येणं आणि रात्री झोपेतून उठवणारा ठणका या त्याच्याच खुणा. हात वरच गेला नाही, तर गर आधीच मेलेला असण्याची शक्यता असते.

‘कुठली दाढ दुखतेय’ हे अनेकांना सांगता येत नाही, त्यात त्यांची चूक नसते. दाताच्या गराला दुखणं कळतं, जागा कळत नाही. खालची दाढ दुखत असताना माणूस वरच्या दाढेकडे बोट दाखवतो, कुणाला कान दुखतोय असं वाटतं. डावी-उजवी बाजू मात्र सहसा चुकत नाही. म्हणून ‘डॉक्टर, हीच दाढ काढा’ असा आग्रह कुणी धरला तरी मी तपासल्याशिवाय हात लावत नाही.

मग एक दिवस ठणका थांबतो. गोळ्या घेतलेल्या असतात, लवंगेचं तेल लावलेलं असतं, शेजारणीने सांगितलेला काढा झालेला असतो. ज्याने त्याने आपापल्या उपायाला श्रेय द्यावं. बऱ्याचदा झालेलं मात्र वेगळंच असतं. कोंडलेल्या दाबाखाली रक्तपुरवठा बंद पडून गर मेलेला असतो. नस मेली, म्हणून दुखणं मेलं. जंतू मात्र जिवंत आहेत आणि आता त्यांना अडवणारं कुणी नाही. ते मुळाच्या टोकातून बाहेर पडून जबड्याच्या हाडात घर करतात. महिन्यांनी, कधी वर्षांनी, दाढ ‘उंच वाटायला’ लागते, चावताना दुखते, गाल सुजतो. या वेळी मात्र कुठली दाढ ते बरोबर सांगता येतं, कारण मुळाला हाडाशी बांधून ठेवणाऱ्या, मुळाभोवतीच्या बारीक दोऱ्यांना दाबाची आणि जागेची अचूक जाण असते.

प्रतिजैविकं इथे का पुरत नाहीत, हेही आता लक्षात येईल. गोळी पोटातून रक्तात जाते आणि रक्त जिथे पोचेल तिथेच पोचते. मेलेल्या गरात रक्तच नाही. मुळाबाहेरची सूज गोळीने ओसरेल, आतला साठा तसाच राहील आणि गोळ्या संपल्यावर पुन्हा पाझरेल. दोन वर्षांत पाच वेळा त्याच दाढेसाठी प्रतिजैविकं दिली गेलेली माणसं माझ्याकडे येतात, आणि मला खरोखर वाईट वाटतं. गाल पसरत जाणारा सुजला असेल, ताप असेल, तर ही औषधं हवीतच. नुसत्या ठणक्यावर त्यांचा उपयोग नाही.

एक बाई हिरडीवरची पुळी दाखवायला आल्या होत्या. दुखत अजिबात नव्हतं. दोन वर्षं पुळी यायची, फुटायची, तोंडात खारट चव यायची, पुन्हा भरायची. त्यांना ते उष्णतेचं वाटत होतं. त्या पुळीच्या तोंडातून मी गटापर्चा या रबरासारख्या पदार्थाची बारीक, मऊ काडी अलगद आत सरकवली आणि एक्स-रे काढला. काडी वाट काढत वळून गेली होती आणि तिचं टोक होतं पुळीखालच्या दाढेशी नव्हे, तिच्या पुढच्या दाढेच्या मुळाशी. त्या दाढेत सात-आठ वर्षांपूर्वी ‘सिमेंट भरलेलं’ होतं, मुळाच्या टोकाला हाडात वाटाण्याएवढी काळी सावली होती. पू वाहून जायला वाट मिळाली होती, म्हणून दाब नव्हता, म्हणून दुखत नव्हतं. इथे रूट कॅनल लागतंच, वेदना शून्य असली तरी. तीच गोष्ट लहानपणी क्रिकेटचा चेंडू लागून पुढे कधीतरी करडा पडलेल्या पुढच्या दाताची: रंग बदलला की एकदा तपासून घ्यावा.

उलट बाजूही तितक्याच ठामपणे सांगते. गार लागतंय म्हणजे रूट कॅनल, असं नाही. दाबून घासल्यामुळे किंवा मिश्री लावून लावून हिरड्या उतरतात, मुळं उघडी पडतात आणि दात शिणशिणतात. त्याला रूट कॅनल हा उपाय नव्हे. सायनसमध्ये सर्दी साठली तर वरच्या सगळ्या दाढा एकदम जड होतात, वाकलं की दुखतात. सुपारी फोडून दाढेला तडा गेला असेल तर चावताना, विशेषतः दाब सोडताना, वीज गेल्यासारखी कळ येते. तिथे तडा किती खोल आहे त्यावर ठरतं. आणि चालताना, जिना चढताना डावा जबडा दुखून छाती भरून येत असेल, तर दाताच्या नव्हे, हृदयाच्या डॉक्टरांकडे ताबडतोब जा. म्हणून रूट कॅनल सांगितलं गेलं की एक प्रश्न नि:संकोच विचारा: दाताचा गर जिवंत आहे की मेलेला, आणि ते कशावरून ठरवलं? एक्स-रे समोर धरून दोन मिनिटांत समजावता येईल असं हे उत्तर आहे.

उपचाराला लोक भितात, त्याचं कारण बहुधा कुणाचा तरी जुना अनुभव असतो. खरं सांगायचं तर भीतीला थोडी जागा आहे. जोरात चिडलेल्या गरावर, त्यातही खालच्या दाढेत, बधिर करायचं इंजेक्शन नेहमीसारखं चढत नाही. कधी दुसरं, तिसरं द्यावं लागतं. ठणक्याच्या आधी, सणकेच्याच टप्प्यावर आलात तर हा त्रास सहसा होत नाही. एकदा बधिर झालं की उरतो तो कंटाळा आणि तोंड उघडून दुखलेला जबडा.

दाढेच्या वरच्या बाजूने छोटं दार करून आतला गर काढतात. मेलेला असेल तर पहिल्या क्षणी जो कुजका वास येतो, तो रुग्णालाही येतो आणि मग गोळ्यांचा हट्ट आपोआप थांबतो. मुळांतल्या वाटा केसासारख्या बारीक, वाकड्या असतात. पुढच्या दाताला सहसा एक, खालच्या दाढेला बहुधा तीन, वरच्या पहिल्या दाढेला अनेकदा चार. ही चौथी वाट फसवी. ती राहिली तर काही वर्षांनी दाढ पुन्हा डोकं वर काढते. सुईसारख्या लवचीक फाइलींनी वाटा रुंद करायच्या, मुळाच्या टोकापर्यंतची लांबी यंत्राने आणि एक्स-रेने मोजायची आणि पुन्हा पुन्हा सोडियम हायपोक्लोराइटने धुवायचं. हे तेच रसायन जे कपड्यांच्या ब्लीचमध्ये असतं. फाइल फक्त वाट करून देते, जंतू मारतं ते हे पाणी. ते घशात जाऊ नये, लाळ दातात शिरू नये, म्हणून दाताभोवती रबराचा पडदा लावतात.

लाळेची एवढी धास्ती का, याचं उत्तर 1965 सालच्या एका प्रयोगात आहे. अमेरिकेत काकेहाशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही उंदरांच्या दाढेचा गर उघडा करून तसाच सोडला. साध्या उंदरांमध्ये गर मेला, पू झाला. पूर्णपणे जंतुविरहित वातावरणात वाढवलेल्या उंदरांमध्ये, अन्नाचे कण अडकूनही, गर जिवंत राहिला आणि त्याने स्वतःवर डेंटिनचं झाकण धरलं. म्हणजे भोक पडल्यामुळे दात मरत नाही, जंतूंमुळे मरतो. आणि लाळेत जंतू असतातच.

वाटा स्वच्छ, कोरड्या झाल्या की त्यात गटापर्चा भरतात. मलेशिया-इंडोनेशियाकडच्या झाडाचा हा चीक. समुद्राखालून टाकलेल्या तारायंत्राच्या पहिल्या केबलींवर याचंच वेष्टण होतं. पाणी आत शिरू देत नाही, हा गुण दोन्हीकडे कामाचा. नंतर दोन-चार दिवस चावताना दुखणं स्वाभाविक आहे. ‘नस काढली, मग दुखतंय कसं?’ असं विचारतात. गर काढला, पण मुळाभोवतीच्या दोऱ्या जिवंत आहेत, आणि त्या तशाच राहायला हव्यात. त्यांच्यामुळेच ती दाढ पुढे भाकरी आणि खडा यांतला फरक ओळखते.

ड्रायव्हरसाहेबांनी शेवटी विचारलं होतं, ‘यापेक्षा काढून टाकली तर?’ तो पर्याय असतोच, आणि कधी कधी तोच योग्य असतो. मूळ उभं चिरलं असेल, कीड हाडाच्या खाली गेली असेल, हिरडीच्या आजाराने दाढ हलत असेल, तर रूट कॅनलवर पैसे घालवू नका असं मीच सांगते. पण दाढ टिकण्यासारखी असेल तर काढणं स्वस्त वाटतं ते फक्त त्या दिवशी. मोकळ्या जागेत शेजारची दाढ कलते, समोरची खाली उतरते. ब्रिज, म्हणजे शेजारच्या दातांच्या आधाराने खोटा दात, बसवायचा तर शेजारचे दोन धडधाकट दात घासावे लागतात. इम्प्लांटचा, म्हणजे हाडात बसवायच्या खोट्या दाताचा, खर्च रूट कॅनल आणि त्यावरची कॅप (दाढेवर बसवायची टोपी) यांच्या एकत्र खर्चापेक्षाही जास्त असू शकतो. खर्चाचीच अडचण असेल तर मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरची शासकीय दंत महाविद्यालयं आहेत, मुंबईत महापालिकेचं नायर दंत रुग्णालय आहे, गोव्यात बांबोळीचं दंत महाविद्यालय आहे. खेटे जास्त पडतात, रांग असते. पण काम शिक्षकांच्या देखरेखीखाली, खूप कमी पैशात होतं.

त्यांनी दाढ ठेवली. कॅपसाठी मात्र मला दोनदा फोन करावा लागला. दुखणं थांबलं की माणूस कॅप विसरतो. कीड आणि उपचार मिळून दाढेच्या भिंती पातळ झालेल्या असतात. कॅपशिवाय ती महिनोन्‌महिने चालते आणि मग चिक्कीचा तुकडा किंवा भातात राहिलेला खडा तिला उभी चिरून टाकतो. तशी चिरलेली दाढ काढण्यापलीकडे काही करता येत नाही.

घरच्या उपायांपैकी लवंगेचं तेल तात्पुरतं चालतं. त्यातलं युजेनॉल खरंच बधिर करतं. ॲस्पिरिनची गोळी कुटून दाढेत धरू नका, हिरडी आणि गाल भाजतो. दुखतंय म्हणून मिश्री धरणाऱ्या बायका आजही खूप आहेत. तंबाखूने जरा सुन्न वाटतं, मग सवय लागते आणि पुढे गालातला पांढरा चट्टा दाखवायला त्याच येतात. खालच्या दाढेची सूज हनुवटीखाली, गळ्याकडे उतरू लागली, तोंड उघडेना, गिळवेना, किंवा वरच्या दाताची सूज डोळ्याखाली चढली, तर सकाळची वाट पाहू नका. थेट मोठ्या रुग्णालयात जा. यात माणसं दगावतात. मधुमेह, रक्त पातळ करायच्या गोळ्या, हृदयाची झडप, गरोदरपण, यांतलं काहीही असेल तर खुर्चीत बसण्याआधी सांगा. उपचार होतात, फक्त बेत बदलतो.

लहान मुलांबद्दल एक गोष्ट मी प्रत्येक आईबापांना सांगते. साधारण सहाव्या वर्षी, एकही दुधाचा दात न पडता, सगळ्यांच्या मागे गुपचूप एक दाढ येते. ती कायमची असते. काहीच पडलं नसल्यामुळे घरच्यांना ती दुधाचीच वाटते, किडली तरी ‘पडेल आणि नवी येईल’ म्हणून सोडून देतात. नऊ-दहा वर्षांचं पोर हीच दाढ घेऊन रूट कॅनलला येतं, तेव्हा तिच्या मुळांची टोकं नुकती कुठे मिटत आलेली असतात, आणि काम दुप्पट अवघड होतं. ओळखणं सोपं आहे. दुधाचे दात वीसच, म्हणजे प्रत्येक बाजूला वर पाच, खाली पाच. आज रात्री दात घासून झाल्यावर मोबाइलचा टॉर्च लावा, पुढच्या दोन दातांच्या मधल्या रेषेपासून मागे मोजत जा. सहावा दात लागला, तर तो कायमचा आहे. त्याच्या चावायच्या बाजूला काळी रेघ किंवा खड्डा दिसतोय का, ते पाहा.